गादीवाल्याला दहापैकी सहा

यावर तुमचा कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. नका ठेवू. फक्त बाकाची कड घट्ट धरून बसा. ही गोष्ट ऐकताना एक-दोघे तरी हसून खाली पडतात, आणि मग त्यांना उचलायला मलाच वाकावं लागतं!

तर माझी नात, टिटवी. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण बोलायला लागल्या दिवसापासून तिची टकळी जी सुरू झाली ती झालीच. अशी मुलगी जनसंपर्काचं शिकायला गेली यात नवल नाही. नवल हे, की अनोळखी माणसाचा फोन आला की या टिटवीची वाचाच बसायची. वाजणाऱ्या फोनकडे ती असं बघायची, जणू त्यातून आता पाल बाहेर पडणार आहे.

आणि शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची! एखाद्या कचेरीत राबायचं आणि तिथल्या मॅनेजरची ‘काम समाधानकारक’ अशी सही आणायची. सही नाही तर पदवी नाही, सगळं वर्ष पाण्यात.

मुलांना नोकरीच्या वाटेला लावायला कॉलेजात एक करिअरवाल्या बाई होत्या. लावायच्या म्हणजे काय, हात धुऊन मागे लागायच्या. त्यांचं ठेवणीतलं हत्यार म्हणजे सरावाचा फोन. न सांगता फोन करायचा. कधी खवचट पत्रकार व्हायचं, कधी चिडलेलं गिऱ्हाईक. पोरांची भंबेरी उडवायची आणि शेवटी मार्क द्यायचे. आवाज तर असा बदलायच्या की पुरुषाचा काढला की शेजारच्या खोलीतले प्राचार्य दचकून उभे राहायचे. टिटवीला त्यांनी बजावलं होतं, की तुझा फोन या आठवड्यात कचेरीतच येईल. घाबरायचं नाही. मनात म्हणायचं, या आपल्या बाईच आहेत.

टिटवीची जनसंपर्काची कचेरी म्हणजे काचेच्या भिंतींची एक लांबट खोली. एका टोकाला खोकणारा प्रिंटर, दुसऱ्या टोकाला मॅनेजरबाई. त्या दिवशी मॅनेजरबाई दाढ दाखवायला गेल्या होत्या, बाकीचे जेवायला. टिटवी एकटी. आणि फोन वाजला.

तिने तो दोन बोटांनी उचलला. पलीकडून गर्जना आली, “झोपा काढता का तिकडे? इथे माझी अब्रू चव्हाट्यावर आलीय!”

बोलणारा होता कचेरीचा सगळ्यात मोठा ग्राहक, गाद्यांच्या कारखान्याचा मालक. कुणा सुनेने व्हिडिओ टाकला होता, की यांच्या गादीला मधोमध खड्डा पडतो, आमचे सासरे त्यात उतरतात आणि दोघांनी ओढल्याशिवाय वर येत नाहीत. लोक हसून हसून लोळत होते, तेही दुसऱ्यांच्या गाद्यांवर.

टिटवी फोन खाली ठेवायला निघाली. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. अरे, या तर आपल्या कॉलेजातल्या बाईच! झालं, टकळी सुटली. खुर्चीत मागे रेलून ती म्हणाली, “आवाज झकास काढलाय. पण सगळा राग पहिल्याच वाक्यात संपवलात. आता पुढे काय करणार?”

पलीकडून मग जरा खालच्या पट्टीत, “मी कोण आहे, कळतंय का तुला?”

“कळतंय की. दहापैकी सहा.”

मग तिने त्याला सुनावलंच. व्हिडिओ काढून टाका म्हणून दमदाटी करायची नाही, वकिलाचं नाव काढायचं नाही, आत्ता उठून त्या घरी जायचं, सासऱ्यांची माफी मागायची. त्या धिप्पाड माणसाने शाळकरी पोरासारखं “बरं” म्हणून फोन ठेवला.

ती हवेत तरंगतेय तोच पुन्हा फोन. पुन्हा पुरुषी आवाज, या वेळी पत्रकाराचा. टिटवी हसून म्हणाली, बाई, मघाचा जास्त जमला होता. बाई आपल्या खऱ्या आवाजात म्हणाल्या, “मघाचा कुठला? तुला फोन मी आत्ता पहिल्यांदाच करतेय.”

टिटवीच्या पायाखालची फरशी गेली. तेवढ्यात सुजलेला गाल धरून मॅनेजरबाई आल्या. सगळं ऐकल्यावर दुसराही गाल सुजल्यासारखा दिसायला लागला. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं. टिटवीला तिचं वर्ष त्या ड्रॉवरमध्ये जाताना दिसलं.

मग गादीवाल्याला फोनावर फोन. तो उचलेना. का उचलेना? अहो, तो त्या घरी गेला, माफी मागितली, खड्डा बघायला म्हणून गादीवर आडवा झाला आणि गाढ झोपला! हलवलं, शिट्टी फुंकली, छे! शेवटी गादीसकट उचलून टेम्पोत घातला. चौकात त्याने नुसती कूस बदलली तर सगळी रहदारी थबकली. लोक टेम्पोमागे धावत गादीची किंमत विचारत होते! कारखान्यात डोळे उघडल्या उघडल्या तो म्हणाला, ती मुलगी कोण? झालं, ड्रॉवर उघडला, टोपण निघालं, सही झाली. मॅनेजरबाईंनी स्वतःची खुर्ची तिला दिली, गादीवाल्याने मोटार पाठवली, आणि—

“आजोबा,” मागून आवाज आला. खांद्याला पिशवी लावून टिटवी कधीपासून उभी होती कोण जाणे. “ते कुठेही झोपले नाहीत. माफी मागितली, गादी बदलून दिली आणि मॅनेजरबाईंना फोन करून सांगितलं, की मुलीने बरोबर सांगितलं. सही तेवढ्यावरच झाली.”

बाकावरच्या एकाने हिरमुसून विचारलं, “मग तो टेम्पो?”

“तो आजोबांनी आणला.”