कोल्ड रूममधले अध्यक्ष

शेतकऱ्यांच्या भाजी कंपनीचे अध्यक्ष सकाळपासून एकच वाक्य घोळवत होते, "आजची सभा मी एकहाती पार पाडतो, बघाच."

सभेत एक नाजूक विषय होता. ज्यांच्या नावावर जमीन नाही, जे दुसऱ्याचं रान वाट्याने करतात, त्यांना सभासद करून घ्यायचं की नाही? अध्यक्षांचा ठाम विरोध होता. त्यातही निवडणीच्या शेडमधल्या मावशींचं नाव निघालं, की ते हात झटकायचे. मावशी जन्मापासून बहिऱ्या. चार वाफे वाट्याने करायच्या, आणि त्यांच्या गाजरांना सगळ्या गावात तोड नव्हती.

"गाजरं चांगली आहेत हो," अध्यक्ष म्हणायचे, "पण ज्या बाईला सभा ऐकूच येत नाही, ती सभेत बसून करणार काय?"

सभेला अर्धा तास होता. मंचावर मांडायला गाजरांचा एक देखणा क्रेट हवा, म्हणून अध्यक्ष स्वतः भाजी साठवायच्या कोल्ड रूममध्ये शिरले. फोन मंचावरच राहिला होता. मागे जाड दरवाजा धप्पकन लागला. त्यांनी आतली मूठ ओढली, तर मूठच हातात आली.

"अरे, कोणी आहे का?" त्यांनी हाक मारली. बाहेर कर्णा लावून माइकची चाचणी सुरू होती. ऐकणार कोण?

पाच मिनिटांत नाक गोठलं. दहा मिनिटांत त्यांनी रिकामी पोती अंगावर घेतली, एक डोक्याला गुंडाळलं. ऊब यावी म्हणून क्रेटांमधून येरझाऱ्या घालत त्यांनी सगळं भाषण म्हणून टाकलं. गाजरांनी निमूट ऐकून घेतलं. मंडपात कारकून त्यांना फोनवर फोन लावत होता, आणि फोन त्याच्याच पुढ्यात, मंचावर, वाजत होता.

शेवटी अध्यक्ष मागच्या भिंतीला भिडले आणि दोन्ही मुठींनी बडवू लागले. आता त्यांना खरंच भीती वाटू लागली होती.

भिंतीपलीकडे निवडणीची शेड होती. सभासद नसल्याने मावशी तिथेच भिंतीला पाठ टेकून गाजरं निवडत बसल्या होत्या. पाठीला धपधप जाणवली. त्यांनी भिंतीला तळवा लावला. कोल्ड रूमच्या मशीनची थरथर त्यांच्या ओळखीची होती. ही वेगळी होती. थांबून थांबून येणारी, माणसासारखी. त्या उठल्या, वळसा घालून गेल्या आणि कोल्ड रूमचा दरवाजा उघडला.

समोर पोत्यांचं एक भूत हात पसरून त्यांच्याकडे धावलं.

मावशींनी दरवाजा पुन्हा लावून टाकला.

आत अध्यक्ष मटकन खाली बसले. बाहेर मावशींनी धावत जाऊन शेडमध्येच काम करणाऱ्या आपल्या जावेला ओढून आणलं. जावेच्या हातात झाडू होता. या वेळी दरवाजा उघडला तेव्हा जावेने आधी झाडू उगारला, मग निरखून पाहिलं.

"अगंबाई, हे तर आपले अध्यक्ष," ती म्हणाली.

मावशींनी स्वतःची शाल काढली आणि त्यांच्या खांद्यांवर टाकली. त्यांचे गार हात आपल्या हातांत घेऊन चोळत राहिल्या. अध्यक्षांना काहीतरी म्हणायचं होतं, पण दातच ऐकेनात. डोळे मात्र भरून आले.

डोक्याला पोतं, अंगावर बायकी शाल, अशा थाटात ते मंचावर चढले.

"मंडळी," ते म्हणाले, "मघापासून मी कोल्ड रूममध्ये अडकून बोंबलत होतो. तुम्हा दीडशे जणांचे कान शाबूत, पण माझं ऐकलं एकटीने. ज्यांना ऐकू येत नाही म्हणून मी बाहेर ठेवलं होतं, त्यांनी. माझा विरोध मी मागे घेतो. उलट, ठराव मीच मांडतो."

ठराव एकमताने मंजूर झाला. वाट्याने करणारे सगळे तिथल्या तिथे सभासद झाले. मावशींना पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी जाऊ खुणा करून सांगायला.

पुढचा विषय होता यंदाच्या अध्यक्षपदाचा. तेच राहावेत म्हणून मंडपभर हात वर झाले. "विरोधात कोणी?" कारकुनाने सवयीने विचारलं.

जावेने तो प्रश्न खुणेने सांगितला. मावशींनी हात वर केला.

मावशींनी खुणांनी काहीतरी सांगितलं. जाऊ संकोचून उठली. "त्या म्हणतात, माणूस मनाने चांगला आहे. पण खोलीत शिरताना मागे बघत नाही."

अध्यक्ष निवडून आले, एका मताच्या विरोधासह. सभेचं इतिवृत्त त्यांनी त्या वर्षी कारकुनाला लिहू दिलं नाही. विरोधी मताची नोंद स्वतःच्या हाताने केली आणि पुढे लिहिलं, 'अध्यक्ष आभारी आहेत.'