आठल्यांचे तीन डबे

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत आमच्या वरच्या मजल्यावर आठल्ये राहत. त्यांच्याकडे चहाबरोबर कुठलं बिस्किट मिळणार, हे तुमच्या पगाराच्या श्रेणीवर ठरलेलं असे. त्यांच्या फडताळात तीन पारदर्शक डबे होते. क्लार्क आणि असिस्टंट लोकांना ग्लुकोज, सेक्शन ऑफिसरला जिऱ्याचं आणि अंडर सेक्रेटरीपासून वर काजूचं. डबा कधी टेबलावर यायचा नाही. आठल्ये आत जायचे, मोजून दोन बिस्किटं बशीत घालून आणायचे आणि बशीवरून तुम्हाला तुमची लायकी कळायची.

आठल्ये सडेफटिंग. माझ्याच मंत्रालयाच्या आस्थापना शाखेत होते. कोण सीनियर, कोण ज्युनियर, कुणाची बढती कधी, याच्या याद्या करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यात तरुणपणी समाजशास्त्रात एम.ए. केलेलं. कारकुनी आणि समाजशास्त्र एकाच डोक्यात शिरलं की त्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. कुणी बिस्किटावरून टोमणा मारला की आठल्ये डोळे मिटून म्हणायचे, "बिल्कुल पर्सनल घेऊ नका. रचना आहे. मी कोण ठरवणारा?"

माझे यजमान मानेसरला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मॅनेजर. पगार आठल्यांच्या दुप्पट. मी पहिल्यांदा त्यांना वर घेऊन गेले, तर आठल्यांचा पहिला प्रश्न, "स्केल काय?" हे म्हणाले, "प्रायव्हेट आहे." "अच्छा," आठल्ये हळहळले, "म्हणजे स्केलच नाही." आणि ग्लुकोज आणलं. ह्यांनी ते मुकाट्यानं खाल्लंही.

स्वतः आठल्ये जिऱ्याचं खायचे. दुसऱ्यांच्या बढत्यांचे कागद करता करता स्वतः सेक्शन ऑफिसरच्या वर कधी गेले नाहीत. पण घरात एकटं असताना, डबा स्वतःच्या पैशाचा असताना, काजूच्या बिस्किटाला हात लावायचा नाही म्हणजे काय? मला हा निव्वळ खुळचटपणा वाटायचा.

आता माझंही सांगते. मी असिस्टंटची सेक्शन ऑफिसर झाले, तेव्हा ऑर्डर निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे जिऱ्याची बशी ठेवली. घरी येऊन मी आधी नाशिकला बहिणीला फोन केला. पुढच्याच आठवड्यात आठल्यांकडे ग्लुकोजवाल्या शिंदेबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, तर मी माझी बशी त्यांना नीट दिसेल अशी सरकवली. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझी मुलगी मुक्ता कॉलेजात समाजशास्त्रच शिकत होती. एकदा तिनं त्यांना तोंडावर विचारलं, "काका, रचना ठरवते ना? मग डबा कोण उघडतं?"

"प्रश्न चांगला आहे, बेटा. परीक्षेत सहसा येत नाही," आठल्ये म्हणाले आणि तिला ग्लुकोज दिलं.

खाली आल्यावर ती माझ्यावर घसरली. "आई यार, तुम्ही सगळे जाता म्हणून त्यांचं चालतं. जाऊ नका ना, संपलं." आम्ही जात राहिलो. बढतीची यादी ज्याच्या टेबलावर आहे, त्याच्या घरचा चहा कुणी सोडतं का?

मग आठल्ये रिटायर झाले. क्वार्टर सोडून गाझियाबादला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गेले आणि मुक्ताचं म्हणणं आपोआप अमलात आलं. त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. मीही नाही.

दोन वर्षांनी मी अंडर सेक्रेटरी झाले. ऑफिसात पेढे वाटले, स्वतंत्र खोली मिळाली, दारावर पाटी लागली, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. तीन महिने तसेच काढले आणि एका रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन गाझियाबाद गाठलं. वर वर भेटीला, पण खरं म्हणजे मी काजूचं बिस्किट घ्यायला गेले होते. पन्नाशीची, शिकलीसवरलेली बाई.

आठल्ये वाळले होते. मला बसवलं, चहा टाकला आणि मी काही सांगायच्या आधीच काजूची दोन बिस्किटं माझ्यापुढे आणून ठेवली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"ऑर्डरी आता नेटवर येतात ना. रोज सकाळी बघतो. तुमची निघाली त्याच दिवशी पुडा आणून डबा भरला." मग बशीकडे बघत म्हणाले, "तीन महिने झाले त्याला. वाटलं होतं, याल."

मी एक तुकडा मोडला. बिस्किट पार सादळलेलं होतं. समोरच्या फडताळात तिन्ही डबे काठोकाठ भरलेले दिसत होते.

"शिंदेबाईपण सेक्शन ऑफिसर झाल्या," आठल्ये म्हणाले. "त्यांच्यासाठी जिऱ्याचं आणून ठेवलंय. येतील कधीतरी."

इतकी वर्षं मी या माणसाला हसत आले. आता मला माझीच लाज वाटली. या माणसाला दुसऱ्याचं अभिनंदन करायची एवढी एकच रीत ठाऊक होती, आणि आम्ही तीत फक्त आपापली लायकी बघत बसलो होतो.

त्यांच्या बशीत नेहमीप्रमाणे जिऱ्याचं होतं. मी माझ्या बशीतलं अख्खं राहिलेलं काजूचं बिस्किट उचलून तिथं ठेवलं. त्यांनी हात मागे घेतला.

"हे कसं? मी सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालोय. हे कोण ठरवणार?"

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "अंडर सेक्रेटरी आहे मी."

त्यांनी जरा विचार केला. हुकूम वरून आलेला होता. मग त्यांनी ते बिस्किट चहात बुडवलं आणि हळूहळू, सगळं खाल्लं.

"सादळलंय हो," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं, आणि उठून फडताळातला काजूचा डबा आणून टेबलावर ठेवला.