मावशी ओळख देत नाहीत

बाबांनी चादरीत गुंडाळलेली बाई खांद्यावर टाकून आणली, तेव्हा गल्लीतल्या बऱ्याच खिडक्यांचे पडदे हलले. चादरीतून एक पाय बाहेर लोंबत होता.

"कोणी काही विचारलं का हो?" आईनं दारातच विचारलं.

"नाही. सगळे पटापट आत गेले."

बाबांचं काम होतं कपड्यांच्या दुकानांच्या काचा सजवण्याचं. ही बाई म्हणजे दुकानानं मोडीत काढलेला पुतळा होता. नाकाचा शेंडा उडालेला, एक बोट गायब आणि डोळ्यांचा रंग इतका विटलेला, की घरात कुठेही उभं राहिलं तरी ती आपल्याकडेच बघतेय असं वाटावं. कोपऱ्यावरच्या घरात नुकतीच भरदिवसा चोरी झाली होती. जाताना चोरांनी पायपुसण्याला पाय पुसले होते म्हणे. तेव्हापासून बाबांना झोप नव्हती.

"घरात कोणीतरी आहे असं दिसलं की चोर फिरकत नाही," त्यांनी तिला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं.

"आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर?"

"सांग, तुझी बहीण आलीय," दादा म्हणाला.

"माझी बहीण इतका वेळ गप्प बसेल हे कोणाला पटणार आहे?" आई म्हणाली. पण नाव पडलं ते पडलंच. मावशी.

या सगळ्यात धिटीचा जीव अडकला होता तो किल्लीत. लहानपणी ती कशालाच घाबरायची नाही म्हणून घरात तिला धिटी म्हणत. एवढी धिटी, पण शाळा सुटली की आत्याच्या शिवणवर्गात कापडाच्या चिंध्या वेचत बसायचं, बाबा न्यायला येईपर्यंत. वर्गातल्या साऱ्या मुली एकट्या घरी जायच्या आणि हिची मात्र पाठवणी व्हायची. "घर सुरक्षित झालं की किल्ली," असं बाबा किती दिवस म्हणत होते. आता मावशी आली. मागच्या दाराला जाळी बसली. पुढच्या दाराला बाबांनी स्वतःच्या डोक्यानं एक अडसर बनवून बसवला. दार आपटलं की तो आतून आपोआप पडायचा, मग बाहेरून राजा आला तरी दार उघडणार नाही.

"हं, धर," म्हणत बाबांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. "पण एकदा जरी घाबरलीस ना, तर परत आत्याकडे."

पहिल्या दिवशी धिटी मोठ्या दिमाखात घरी आली. मावशी खिडकीकडे बघत बसलेली होती. दुसऱ्या दिवशी मावशीचं तोंड भिंतीकडे होतं. मग एकदा तिच्या खांद्यावर शाल आली. मग खुर्ची थोडी सरकली, दाराच्या दिशेनं. पण हे सांगणार कोणाला? सांगितलं की किल्ली गेली. तिनं अभ्यास स्वयंपाकघरात हलवला, भिंतीला पाठ लावून. शिवाय आल्या आल्या नम्रपणे बोलायला सुरुवात केली. "मावशी, मी आले हं. तुमचं चालू द्या."

नवल म्हणजे घरातले बाकीचेही जरा बदलले होते. आई बाहेरच्या खोलीत गाणं म्हणतच शिरायची. दादा पाणी प्यायला उठला की आधी खोकायचा. बाबांना मावशीकडे पाठ करून बूट घालता येईनासे झाले होते. विचारलं तर तिघंही म्हणायचे, "कुठे काय?"

आणि मग तो धुक्याचा दिवस आला. दुपार सरली तेव्हाच रस्त्यावरचे दिवे लागले, पण दिवा दिसत होता आणि खांब नाही. धिटीनं दार उघडलं. घरात राखाडी अंधार. मावशीची खुर्ची आता पूर्ण वळलेली, खिडकीकडे पाठ, तोंड थेट दाराकडे. आणि तिच्या अंगात धिटीचा शाळेचा स्वेटर.

धिटीनं दप्तर हळूच खाली ठेवलं. काही झालं तरी रीत ती रीत. "मावशी, मी आले."

"या, या," अंधारातून एक मऊ, वयस्क आवाज म्हणाला. "बरं झालं आलात. आम्ही केव्हाची वाट बघतोय."

पुढचं धिटीला आठवत नाही. ती एकदम पायरीवर होती, मागे दार धाडकन आपटलं होतं आणि आत अडसर पडल्याचा आवाज आला होता.

थोड्या वेळानं धुक्यातून बाबा उगवले, त्यांच्यामागून आई, मग दादा.

"अडसर पडला," धिटी एवढंच म्हणाली.

"म्हणजे चालतो तर," बाबा आधी खूश झाले. मग त्यांनी दाराला खांदा लावला. दार जागचं हललं नाही. इतक्यात आतला दिवा आपोआप लागला आणि कोणीतरी मंद हसलं. चौघंही पायरीवरून खाली आले.

"तो रेडिओ आहे," बाबा म्हणाले, पण बोलताना त्यांनी आईचा हात धरला होता. "ठरल्या वेळी आपोआप लागावा म्हणून आजच त्याला घड्याळ लावून ठेवलं. मुलाखती लागतात या वेळी. दिव्यालाही लावलंय." त्यांनी काचेतून आत डोकावलं. "पण ही पाठमोरी कशी? मी तर रोज सकाळी तिला खिडकीकडे वळवतो. दुकानाचा नियमच आहे. पुतळा एकाच जागी राहिला की लोक बघायचं सोडतात. पण संध्याकाळी येऊन बघतो तर..."

"घरातून निघताना मी वळवते," आई हळूच म्हणाली. "ते तुटकं नाक रस्त्याला कशाला दाखवायचं? पण शाल कोण घालतं?"

"मी. दुपारी जेवायला येतो तेव्हा कपडे बदलतो तिचे," दादा म्हणाला. "नियम मलाही माहितीय की. म्हणजे खुर्ची तुम्ही फिरवत होता? मला इकडे ताप यायचा बाकी होता."

"मग बोलला का नाहीत?"

"धिटी घाबरेल म्हणून," तिघं एकदम म्हणाले आणि तिच्याकडे बघू लागले.

तेवढ्यात धुक्यात दोन दिवे चमकले. पोलिसांची गाडी होती. तिच्या मागोमाग आल्या समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेल्या काकू, अंगावर शाल घट्ट ओढून.

"हेच ते," काकू म्हणाल्या. "कधीपासून दार ढकलताहेत. आत बिचाऱ्या बाई एकट्या. मी रोज हात करते त्यांना. उत्तर देत नाहीत, पण घरंदाज वाटतात."

"अहो, आमचं घर आहे हे," बाबा म्हणाले. "आणि तो पुतळा आहे."

"भल्या बाईला पुतळा म्हणता?" पोलीस खिडकीशी गेला आणि काचेवर टकटक केली. "बाई, या लोकांना ओळखता का?"

मावशीनं मान वळवली नाही.

"बघितलंत? तुमच्याकडे बघायलाही तयार नाहीत त्या."

आता मात्र धिटीच्या लक्षात आलं. न्हाणीघराची झडपेची खिडकी तेवढी बाबांनी जाळीविना सोडली होती, "यातून मांजरसुद्धा विचार करून जाईल," असं म्हणून. तिथून एकच जण आत जाऊ शकत होतं. आत मावशी होती.

"मी जाते," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

आत गार ओल होती आणि रेडिओतली बाई अजून कोणाला तरी आग्रह करत होती. धिटी भिंतीला चिकटून बाहेरच्या खोलीत आली. मावशी तिच्याकडेच बघत होती, विटक्या डोळ्यांनी, धिटीच्याच स्वेटरमध्ये, बाही जरा आखूड. "मावशी, बाहेर सगळी आपलीच माणसं आहेत," धिटी म्हणाली, "जरा तोंड दाखवा." आणि तिनं खुर्ची पाठीमागून धरून हळूहळू खिडकीकडे वळवली.

पोलिसाची बॅटरी त्या नाक तुटलेल्या चेहऱ्यावर पडली. तो मागे सरला तो थेट बाबांच्या पायावर. काकू तर घरी पोचल्यासुद्धा.

धिटीनं अडसर उचलून दार उघडलं. जाताना पोलीस बाबांना म्हणाला, "घर अगदी सुरक्षित आहे तुमचं. मी काही परत येणार नाही."

सगळे आत आले, म्हणजे आधी धिटी आणि मग तिच्या आडोशानं बाकीचे. बाबांनी जमिनीवरचं दप्तर उचललं. बाजूच्या कप्प्यात किल्ली होती.

"दप्तर आत आणि तू बाहेर. म्हणजे घाबरली होतीस."

धिटीनं मान खाली घातली. संपलं. उद्यापासून चिंध्या.

बाबांनी एकदा मावशीकडे पाहिलं, घाईनं नजर काढून घेतली आणि किल्ली धिटीच्या हातात कोंबली.

"ही तुझ्याकडेच राहू दे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "फक्त एक कर. शाळेतून कुठे रेंगाळू नकोस. मी यायच्या आत घरी येत जा."