पॅरिसला गेलेलं वऱ्हाड

कागदपत्रं म्हणजे अनंतरावांच्या हातचा मळ! छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत बसून त्यांनी लोकांच्या फायलींतल्या चुका काढल्या होत्या. त्यामुळे अमेरिकेतून लेकीचा, इरावतीचा, व्हिडिओ कॉल आला तेव्हा मुलुंडच्या घरात बाह्या सरसावून ते म्हणाले, "तू फक्त काय पाठवायचं ते सांग! तुझ्या बापाची फाईल आजवर परत आलेली नाही!"

इरावती तिकडे शिकायला होती आणि नवरा ओजस ग्रीन कार्डवाला. मागच्या डिसेंबरात मुलुंडलाच लग्न झालं. पोरगी आता तिथली कायमची झाली, असं सांगत अनंतरावांनी सोसायटीभर पेढे वाटले होते.

"बाबा, तसं नसतं हो! ओजसने अर्ज केलाय, पण माझा नंबर यायला दोन-तीन वर्षं लागतील. तोवर माझा स्टुडंट व्हिसा मीच जपायचा. कॉलेज सोडायचं नाही, विषय कमी घ्यायचे नाहीत. आणि वकीलबाई म्हणतात, इतक्यात भारतात जायचं नाही, परत येताना अडवतील."

"गणपतीलासुद्धा नाही?"

"नाही ना. आणि अर्जासोबत लग्न खरं असल्याचे फोटो हवेत. अल्बम तर वजनामुळे तिथेच राहिला."

अनंतरावांनी अल्बम काढला. तो दर रविवारी चहाबरोबर निघायचाच. मुंडावळ्या बांधलेली इरा पाहिली, की त्यांना स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत जाणारी, दोन वेण्यांची इरा आठवायची. फार लवकर मोठी झाली कार्टी! डोळे पुसून त्यांनी सगळ्यात देखणी बारा पानं स्कॅन करून पाठवली.

चौथ्या दिवशी फोन. "बाबा, काय पाठवलंत हे? लग्नाच्या दिवशी मी पॅरिसला कशी गेले?"

"अगं, ते मिक्सिंग! फोटोग्राफर नितेशने हौसेने केलंय!"

"वकीलबाई विचारतात, पासपोर्टवर फ्रान्सचा शिक्का कुठाय? पुढच्या पानावर आम्ही बर्फात, तुम्ही आणि आई कमळात! आणि तुमच्या डोक्यावर केस कुठून आले?"

"ते... नितेशचं प्रेम."

"बाबा, हे पुढे गेलं असतं ना, तर आमचं लग्नच खोटं ठरलं असतं!"

 अनंतराव तसेच नितेशच्या स्टुडिओत धावले. "ओरिजिनल दे!"

"काका, ओरिजिनल कोण ठेवतं? कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड तर पुढच्याच बारशाला वापरलं. टेन्शन नका घेऊ ना! मागे साधा हॉल टाकून देतो, झकास! एकदम ओरिजिनल वाटेल!"

घरी येऊन अनंतराव खुर्चीत कोसळले. जन्मभर दुसऱ्यांच्या फायली तपासल्या आणि पोटच्या पोरीची फाईल स्वतःच्या हाताने बुडवली! त्यांच्या पत्नी पद्मजाबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "अहो, माझ्या मोबाईलमध्ये आहेत की थोडे. तुम्ही विचारलंत कधी?"

फोटो हललेले, कोपऱ्यात अंगठा आलेले. ओजसला घास भरवताना इरा. शालू सावरत चप्पल शोधणारी इरा. आणि शेवटचा, हॉलच्या गेटवरचा. इराचा एक पाय गाडीत, तिच्या खांद्यावर डोकं टेकून अनंतराव ओक्साबोक्शी रडताहेत, आणि एका हातात सासऱ्यांचा चष्मा, दुसऱ्यात पाण्याची बाटली घेऊन ओजस बावचळून उभा.

"हा नको पाठवूस!" अनंतराव ओरडले.

"गेला पण!"

दुसऱ्या दिवशी इराचा फोन आला. "बाबा, वकीलबाईंनी तोच सगळ्यात वर लावलाय. म्हणाल्या, असं कुणी ठरवून करूच शकत नाही." ती हसत होती, पण आवाज ओला होता. "मला तर हा माहीतच नव्हता. तुम्ही इतके रडलात?"

"छे! मी कुठला रडतोय? होमाचा धूर गेला होता डोळ्यांत."

"होम सकाळीच विझला होता, पाठवणी संध्याकाळची," पद्मजाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात रुमाल ठेवला. "आणि आत्ता कुठला होम पेटलाय?"