कपांची बुडं वाचणारे विसूकाका

विसूकाका कुणाच्याही घरी चहाला गेले की पहिला घोट घेण्याआधी कप डोक्याच्या वर धरायचे आणि खालून त्याचं बूड वाचायचे. बुडावर कारखान्याचं नाव असे, कुठल्यातरी परमुलखातल्या गावाचं नाव असे. ते वाचून झालं की कप खाली यायचा आणि काका ठरलेले दोन शब्द बोलायचे, "इथलं नव्हे." मग मुकाट्याने चहा प्यायचे. चहाला मात्र त्यांनी कधी नाव ठेवलं नाही.

एकदा आमच्याकडे कप काठोकाठ भरला गेला होता. काकांनी तो सवयीने वर उचलला, अक्षरं दिसावीत म्हणून जरा तिरका केला आणि निम्मा चहा धोतरावर सांडला. आई "अगोबाई!" करत फडकं घेऊन धावली. काका जागचे हलले नाहीत. बूड शेवटपर्यंत वाचलं आणि मगच म्हणाले, "भाजलं हो. पण इथलं नव्हेच." दुसऱ्या दिवसापासून आईने त्यांना पितळेच्या वाटीत चहा द्यायला सुरुवात केली. वाटीच्या बुडाला काही लिहिलेलं नव्हतं. काकांनी ती उलटसुलट केली, टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, वाटी आपल्या तांबटाची. पत्रा इथला नव्हे."

मुलांनो, तुम्ही राहता तिथे सामान कुठून येतं हे कुणी पाहायला जात नसेल. आमच्या वेळची रत्नागिरी बोटीवर जगत होती. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, सामान सगळं पडावातून, म्हणजे मोठ्या होड्यांतून, किनाऱ्याला यायचं. विसूकाकांनी सगळी नोकरी बंदरावरच्या बोटीच्या हपिसात केली होती. पेन्शनीत निघाल्यावरही बोटीच्या दिवशी ते काळा कोट चढवून, छत्री घेऊन बंदरावर हजर. हपिसातल्या नव्या कारकुनांना त्यांचा वैताग यायचा. खलाशांना मजा वाटायची.

"काका, आज काय बघताव?" पडावावरचा तांडेल लांबूनच विचारायचा.

"नेहमीचंच. उतरलं काय आणि चढलं काय."

उतरायचं ते रॉकेल, साखर, काड्यापेट्या, छत्र्या, कंदिलाच्या काचा. चढायचे आंबे, सुपारी आणि माणसं. पावसाळ्यात बोटी बंद असत. ते महिने काकांना फार जड जायचे. मग ते आळीतल्या घराघरांतून फिरून कपांची, बरण्यांची, लहान मुलांच्या खेळण्यांची बुडं वाचत. कुणाच्या पाळण्यातला खुळखुळा उचलून "इथलं नव्हे" म्हणणारा माणूस आवडता कसा होणार? बायका त्यांना येताना पाहिलं की हसत आणि हाताशी असेल ते पदराखाली झाकत.

संध्याकाळी ते आमच्या पडवीत यायचे. माझे वडील वकील होते. बोलणं बहुतेक देशाच्या डोक्यावरच्या कर्जावर यायचं, कारण काका ते तिथे आणून ठेवायचे.

"कर्ज सरकारने काढलंय, काका," वडील अडकित्त्याने सुपारी कातरत म्हणायचे. "मी थोडीच सही केली आहे? माझ्या दारात आजवर कुणी मागायला आलं नाही."

"आज आमटीत मीठ घातलं होतं ना, वकील?"

"होतं की."

"मग मिठावरच्या करातून आज दुपारी हप्ता भरलात."

वडील मोठ्याने हसायचे. मीसुद्धा हसायची. मी तेव्हा इंग्रजी शाळेत जात होते. आमच्या पुस्तकात व्यापाराने दोन्ही देशांचा फायदा होतो असं स्वच्छ छापलेलं होतं आणि मला ते तोंडपाठ होतं.

मग एकतीस सालचा पावसाळा संपला आणि विलायतेने आपल्या पौंडाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली. आपला रुपया पौंडाला बांधलेला, तो त्याच्यासोबत खाली घसरला. सोन्याचा भाव भराभर चढला. नारळ-सुपारीला कुणी विचारत नव्हतं, नोकऱ्या जात होत्या, आणि तरी गावात सण आल्यासारखं वाटत होतं. ज्यांना पोटासाठी विकावं लागलं त्यांनी विकलं, ते समजण्यासारखं होतं. पण ज्यांना काही कमी नव्हतं तेही सराफाच्या दुकानासमोर रांग लावून उभे राहिले. असा भाव पुन्हा येणार नाही, हे वाक्य मी तेव्हा देवळात, शाळेत, विहिरीवर, सगळीकडे ऐकलं.

सराफ दागिने वितळवून सोन्याच्या लगडी करायचा आणि त्या लाखेची मोहोर लावलेल्या छोट्या पेटीतून मुंबईला पाठवायचा. पेटी दिसायला लहान, पण ती पडावात ठेवताना दोन माणसं वाकायची. काका ती पेटी दिसेनाशी होईपर्यंत बघत उभे राहायचे.

माझ्या आईच्या पाटल्या त्याच एका पेटीतून गेल्या. त्यांच्या बदल्यात आमच्याकडे फोनो आला, कर्णा असलेला. तो ऐकायला सगळी आळी जमली. काकाही आले. गाणं चालू असताना ते ओणवे झाले, टेबलाखाली शिरले आणि खालून त्या यंत्राचं बूड शोधू लागले. कोट खिळ्यात अडकला. त्यांना बाहेर काढायला वडिलांना उठावं लागलं.

"इथलं नव्हे," काका धूळ झटकत म्हणाले.

"काका, भाव तरी बघा काय मिळाला! सोनं किती वर गेलंय!"

"सोनं होतं तिथेच आहे, वकील. आपण खाली चाललोय म्हणून ते वर दिसतं."

कुणीतरी म्हणालं, "मग काकींच्या पाटल्या तेवढ्या जपून ठेवा हो, देशाच्या कामी येतील." मंडळी हसली. काका हसले नाहीत. "त्या देशाच्या नव्हेत. नारूच्या बायकोच्या आहेत," एवढंच म्हणाले.

नारायण हा त्यांचा एकुलता मुलगा. इथे काम मिळेना म्हणून तो आफ्रिकेत मोंबासाला एका पेढीवर हिशेब लिहायला गेला होता. त्याला पडावात बसवून द्यायला काकाच गेले होते, आणि त्यानंतर एकही बोट त्यांनी चुकवली नव्हती, असं आई म्हणायची. काकींच्या पाटल्या त्यांच्या सासूने त्यांच्या हातात घातलेल्या. त्यांनी त्या नारायणाच्या बायकोच्या हातात घालायच्या, ही त्या घराची रीत. त्या पाटल्या घरात आहेत तोवर सून येणार आहे, आणि सून येणार म्हणजे मुलगा येणार, असा काहीसा त्या दोघांचा हिशेब असावा. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, अत्तरदाणी, सगळं नेहमीसारखं. मी अत्तर लावत होते, म्हणून प्रत्येकीचा हात माझ्या हातात येत होता. आणि प्रत्येक हातात नुसती काचेची कांकणं.

"पाटल्या घडवायला दिल्यात," पहिली म्हणाली.

"आमच्याही. जुन्या घडणीच्या होत्या ना."

"आमच्याही सोनाराकडेच आहेत हो," माझी आई म्हणाली, आणि आतल्या खोलीतल्या फोनोकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. साऱ्या गावाचे दागिने जणू एकाच वेळी जुने झाले होते.

मग काकी आल्या. त्यांनी हात पुढे केला. त्यातही काच.

"अगो, तुम्हीसुद्धा घडवायला दिल्यात?" कुणीतरी विचारलं. आवाजात गुदगुली होती.

"नाही गो," काकी म्हणाल्या. "विकल्या. नारूची पेढी बसली. परत यायला तिकिटाचे पैसे नव्हते त्याच्याकडे. ह्यांनीच नेऊन दिल्या सराफाला, मला म्हणाले, तू येऊ नकोस."

कोपऱ्यातली एक म्हातारी बाई पन्ह्याचा पेला खाली ठेवत म्हणाली, "आम्हीही विकल्याच. घडवायला कसल्या देतोय." त्यानंतर घडणीचा विषय निघाला नाही.

वडिलांना मात्र राहवलं नाही. संध्याकाळी पडवीत ते म्हणाले, "मग काय काका, शेवटी तुमचंही सोनं बोटीत बसलंच की!"

काकांनी पितळेची वाटी हातात धरली होती. उलटी केली नव्हती. "बसलं," ते म्हणाले. "माझी वेळ आली तेव्हा घरात विकण्यासारखं काहीतरी होतं, वकील. तुमची येईल तेव्हा काय विकाल? फोनो?"

त्या संध्याकाळी वडिलांनी सुपारी कातरायला घेतली आणि तशीच ठेवून दिली.

नारायण वैशाखात आला. काकींनी सोबत म्हणून मला बंदरावर नेलं होतं. पडाव किनाऱ्याला लागला, खलाशांनी उतारूंना खांद्यावर घेऊन कोरड्या वाळूत आणून ठेवलं. त्यांत एक वाळलेला, काळवंडलेला माणूस होता, हातात पत्र्याची ट्रंक. काकींनी त्याला आधी ओळखलं. ओळखलं आणि तोंडाला पदर लावून तिथेच थांबल्या.

तो वाकून काकांच्या पाया पडला. त्यांनी त्याला उठवलं, त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उलटा केला. तळव्यावर घट्टे होते. हिशेब लिहिणाऱ्याच्या हाताला नसतात तसले घट्टे, पेढी बसल्यावर त्याने काय केलं असेल ते सांगणारे. काकांनी तो तळवा डोळ्यांजवळ नेला आणि कपाचं बूड वाचावं तसा सावकाश, शेवटपर्यंत वाचला.

"इथला," ते म्हणाले.

तो शब्द त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मागे परतीचा पडाव भरत होता. सराफाची छोटी पेटी घेऊन दोन माणसं वाकत वाकत पाण्यात उतरली, पेटी आत ठेवली गेली आणि पडाव बोटीच्या दिशेने निघाला. बंदरावर माणसं पुष्कळ होती, पण तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. विसूकाकांची समुद्राकडे पाठ होती. ते मुलाची ट्रंक डोक्यावर घ्यायचा हट्ट धरून बसले होते आणि तो ती देत नव्हता.