बुले आला

कासमूरीशी पैज लावायची आणि जिंकायची, हा माझा जुना रिवाज. या वेळी तर चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत ठोकून दिलं, "जाळीघरात तुझी मिरची हिरवी राहिली, तर बायकोचा कबाया झंपर घालून भर बाजारात मिरची विकतो!"

"आणि पिवळी पडली, तर मी न्गातिनाचा घालून विकीन," कासमूरी म्हणाला.

त्याच्या बायकोला, न्गातिनाला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

मिरची तिचीच होती. जन्मभर तिनं बी राखलं. शेवटची मूठ कासमूरीनं बियाणं केंद्राला दिली. तिथं जाळीघरात रोपांवर मुद्दाम रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माश्या सोडतात. जे रोप तगेल, त्याचं बी वाढवून गावोगाव देतात. बाकीची उपटून जाळतात.

कासमूरी रोज जाळीबाहेर बसून रोपांशी बोलायचा. वयानं थोरला, म्हणून तो माझा कांग. मी म्हणायचो, "कांग, जरा माश्यांनाही सांग, उपास धरा म्हणावं."

एका सकाळी केंद्राचा राखणदार सायकलवरून ओरडत गेला, "कासमूरीकडे बुले आला!"

आमच्या जावात गोऱ्या पाहुण्याला बुले म्हणतात, आणि पानं पिवळी पाडणाऱ्या रोगालाही बुलेच. गावानं सोयीचा अर्थ घेतला. गावप्रमुखानं बातिकचा शर्ट चढवला, माझ्या बायकोनं सोयाबीनचं टेंपे तळलं, पोरं 'हॅलो मिस्टर' घोकू लागली. मी डोक्यावर खुर्ची घेऊन पुढे. वरात थेट जाळीघरापाशी.

"पाहुणे कुठायत?" गावप्रमुखानं विचारलं.

कासमूरीनं हातातलं पान पुढं केलं. पिवळंजर्द, कडा मुरडलेल्या. "हे काय. सगळ्या ओळीत मुक्कामाला आलेत."

केंद्रातल्या रेत्नोबाई खाली बघत म्हणाल्या, "काका, एकही रोप नाही वाचलं."

टेंपे बशीतच निवलं.

बाजाराच्या दिवशी कासमूरी आला. न्गातिनाचा जांभळा झंपर, इस्त्री केलेला, छातीवर बटणं लागत नव्हती. टोपलीत दुसऱ्याच्या मळ्यातली मिरची.

"कांग, राहू दे. पैज मोडली समज," मी म्हणालो.

"सरक. गिऱ्हाईक अडवू नकोस."

अख्खा बाजार बघत होता, हसत कुणीच नव्हतं. साठवून ठेवलेले सगळे विनोद गुंडाळून मी बाजूला सरकलो. तेवढ्यात त्यानं कमरेवर हात ठेवला आणि न्गातिना गिऱ्हाइकांवर खेकसायची, अगदी त्या सुरात खेकसला, "दाबून काय बघता? मिरची आहे, फणस नाही!"

बायका हसल्या. हसता हसता एकेक जण डोळे पुसू लागली.

मी दोन किलो घेतली, घासाघीस न करता. घरचा मिरचीचा मळा असताना मी मिरची विकत आणली, यावर बायको अजून बोलते.