आघाडीवरचे बंब

देश लहान होता आणि त्याचा मित्र मोठा. एकावर संकट आले तर दुसऱ्याने धावून जायचे, असा दोघांत जुना करार होता. आजवर संकट कुणावरच आले नव्हते, त्यामुळे मैत्री उत्तम टिकली होती. या वर्षी मात्र मोठ्या देशाने विचारणा केली, की लहान देश आपला वाटा उचलतो का? उत्तर देण्याचे काम संरक्षण मंत्रालयातील उपसचिवांकडे आले.

उपसचिवांनी सैन्याची पाहणी केली. ती जेवणाच्या सुट्टीआधी आटोपली. रणगाडा होता, पण तो चौकातल्या चौथऱ्यावर होता आणि त्याच्या नळीत कबुतरांनी संसार थाटला होता.

"वाटा म्हणजे ते नेमकं काय धरतात?" त्यांनी कारकुनाला विचारले.

"तत्पर दल, साहेब. भोंगा वाजला की निघणारी माणसं. शिकलेली, आणि स्वतःच्या वाहनासह."

"अशी माणसं आपल्याकडे कुठून आणायची?"

"आगीचे बंब आहेत की."

उपसचिव खुर्चीत सरळ बसले. अग्निशमन दलाचा प्रमुख त्यांचा सख्खा मेहुणा होता.

संध्याकाळपर्यंत अग्निशमन दल सैन्यात गेले. त्यासाठी कुणालाही जागचे हलावे लागले नाही. बंबांना तेवढा हिरवा रंग लागला.

"दादाला सैन्यात घातलंत?" घरी पत्नीने विचारले.

"कागदावर गं. त्यांचा निरीक्षक येईल, बघेल, जाईल."

"आपल्या खाली सुताराचा कारखाना आहे. भुसा काय, पॉलिश काय. उद्या पेटलं तर तुमचा कागद येणार आहे का विझवायला?"

निरीक्षक आला. त्याने भोंगा वाजवायला सांगितले आणि चहाचा कप उचलला. चहा निवायच्या आत तिन्ही बंब दारात उभे होते. स्वतःच्या देशातली एकही तुकडी त्याने इतक्या लवकर निघताना पाहिली नव्हती. त्याने 'अत्युत्कृष्ट' असा शेरा दिला. करारानुसार अत्युत्कृष्ट दलाला सर्वांत आधी बोलावले जाते. मोठ्या देशाचे दूर कुठेतरी युद्ध चालू होते. बंब बोटीवर चढले.

"भावजी," मेहुण्याने बंदरावर विचारले, "तिकडे विझवायचंय की लावायचंय, एवढं तरी सांगा."

"पोहोचल्यावर कळवतील."

बँड वाजला. आपण आता कुणाच्या जिवावर जगत नाही, असे मंत्र्यांनी भाषणात सांगितले. टाळ्या पडल्या.

महिनाभराने सुताराच्या भुशाने पेट घेतला. पत्नीने अग्निशमन केंद्राला फोन लावला. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज आला: "आपले दल मित्रराष्ट्राच्या रक्षणात गुंतले आहे. कृपया अभिमान बाळगा." तिने फोन ठेवला आणि बादली उचलली. तिच्या मागोमाग शेजारीपाजारी धावले. माणसे वाचली, शेजारची इमारतही वाचली. उपसचिवांच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा तेवढा उरला. समोरच्या गॅलऱ्या शेवटपर्यंत बघ्यांनी भरलेल्या होत्या.

उपसचिवांनी मोठ्या मित्राकडे रीतसर मदत मागितली. ती तत्काळ मंजूर झाली आणि आठवड्याभराने बोटीने आली. तीन बंब होते, आता पिवळ्या रंगाचे. त्यांवर मोठ्या देशाचा झेंडा होता आणि पुढच्या बंबावर मेहुणा.

त्याने नळी उघडली.

"दादा, अरे राख आहे ती!"

"दिसतंय मला, छकुले. पण त्यांना फोटोत पाणी पाहिजे. बाजूला हो, भिजशील."

"आणि मग?"

"मग परत. आमचं इथलं काम झालं."

फोटो निघाला. मंत्र्यांनी मोठ्या देशाचे जाहीर आभार मानले. बंब त्याच बोटीने परत गेले. पाठोपाठ मोठ्या देशाचे म्हणणे आले, की संकटात एवढी मदत घेणाऱ्या मित्राने आपला वाटा वाढवायला हवा.

उपसचिवांचा मुक्काम आता कार्यालयातच होता. त्यांनी कारकुनाला बोलावले. "आणखी तत्पर माणसं आहेत का कुठे?"

"त्या दिवशी बादल्या घेऊन धावले ते, साहेब. त्यांनी तर भोंग्याचीही वाट पाहिली नाही."

उपसचिव खुर्चीत सरळ बसले.

पहिला आदेश त्यांच्या पत्नीच्या नावे निघाला. पहिली बादली तिचीच होती. बाकीच्यांचे आदेश घरपोच झाले असून बोट सुटण्याच्या बेतात आहे. वाचकांनी मात्र घाबरून जाऊ नये. त्या दिवशी गॅलरीत उभे राहून ज्यांनी सगळे नीट पाहिले, त्यांना देशातच ठेवले आहे. पुढची आग बघायला कुणीतरी हवे.